दोघांचं दुःख एकाच मापानं मोजायचं कसं?

मुठाकाठची

आमच्या पेठेतल्या मंडळाचा एक छोटा मदत निधी आहे. गणपतीची वर्गणी आणि अहवालातल्या जाहिराती यांतून खर्च वजा जाता जे उरतं, ते दिवाळीनंतर औषधोपचारासाठी गरजूंना दिलं जातं. यंदा हातात ६०,००० रुपये आहेत आणि छाननीनंतर दोन अर्ज उरलेत. मी समितीवर आहे.

पहिला अर्ज एका निवृत्त शिक्षकांचा. दोन्ही कानांनी ऐकू येणं जवळजवळ बंद झालंय, चांगली श्रवणयंत्रं हवीत. तीन फुलस्केप भरून लिहिलंय. नातू शाळेतून येऊन काय सांगतो ते कळत नाही, भजनाला जाणं सोडलं, पत्नीला तेच तेच चारदा बोलावं लागतं म्हणून ती बोलेनाशी झाली. वाचताना आमच्यातल्या दोघांचे डोळे भरून आले.

दुसरा अर्ज कचरा वेचणाऱ्या एका मावशींचा, मुलीने लिहिलेला. "आईचे गुडघे फार दुखतात. जिने चढायला त्रास होतो. पण चालते आहे. मदत मिळाल्यास उपकार होतील." बस, एवढंच.

बैठकीत खजिनदार म्हणाले, "ज्याला जास्त त्रास, त्याला द्यायचं. यात वाद कसला?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मग प्रश्न आला की जास्त त्रास कुणाला, आणि तिथे आम्ही दीड तास अडकलो.

इंग्रज तत्त्वज्ञ बेंथॅमने १७८९ साली सुखदुःख मोजायच्या कसोट्या मांडल्या: तीव्रता किती, टिकतं किती, खात्रीचं आहे का, लवकर मिळणार का, त्यातून पुढे आणखी सुख निघेल का, त्यात दुःखाची भेसळ किती आणि ते किती जणांपर्यंत पोचतं. यातली शेवटची सोडली तर बाकी सगळ्या एका माणसाच्या आत चालतात. माझा आजचा दात आणि परवाचा दात यांची तुलना मी करू शकते. पण गुरुजींचा कान आणि मावशींचा गुडघा? अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सने १८७१ मध्येच लिहून ठेवलंय की प्रत्येक मन दुसऱ्या मनाला अगम्य आहे. मग "जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख" ही बेरीज करायची तरी कशी? रविवारी पुन्हा बैठक आहे. मनापासून विचारतेय, कसं ठरवावं?

कसब्यातला

सोपं आहे. निम्मं निम्मं द्या.

मुठाकाठची

तो विचार झाला. तीस हजारात ना गुरुजींची यंत्रं येतात, ना मावशींच्या उपचारांचं निभतं. दोघांनाही अर्ध्या वाटेवर सोडायचं आणि आपण समान न्याय केला म्हणायचं, हे मला पटत नाही.

शून्यबिंदू

विषय काढल्याबद्दल आभार. अडचण नेमकी कुठे आहे ते आधी मांडतो.

गणितज्ञ फॉन नॉयमन आणि अर्थशास्त्रज्ञ मॉर्गनस्टर्न यांनी १९४४ मध्ये दाखवलं की माणूस जोखमीच्या पर्यायांत सुसंगतपणे निवड करत असेल, तर त्या निवडींवरून त्याच्या पसंतीची आकडेवारी मांडता येते. पण त्या आकड्यांचं शून्य कुठे ठेवायचं आणि एक एकक केवढं धरायचं हे आपल्या मर्जीवर असतं. सेल्सिअस आणि फॅरनहाइटसारखं. फरक एवढाच की तिथे एका अंशावरून दुसऱ्यावर जायचं सूत्र आहे, कारण दोन्ही थर्मामीटर एकाच पाण्यात बुडवता येतात. दोन माणसं एकाच मनात बुडवता येत नाहीत. म्हणून गुरुजींचे ४० आणि मावशींचे ४० यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही.

आता दोन तुलना वेगळ्या करा. "मावशी गुरुजींपेक्षा जास्त दुःखी आहेत" ही पातळीची तुलना. "६०,००० मुळे मावशींचं जेवढं भलं होईल ते गुरुजींच्या भल्यापेक्षा जास्त" ही फरकाची तुलना. उपयुक्ततावाद्याला, म्हणजे बेंथॅमच्या वाटेने जाणाऱ्याला, फक्त दुसरी लागते, त्याला बेरीज करायची असते. तत्त्वज्ञ रॉल्ससारखं "ज्याची अवस्था सगळ्यात वाईट त्याच्याकडे आधी बघा" म्हणणाऱ्याला पहिली लागते. तुमचे खजिनदार "जास्त त्रास" म्हणाले ती पहिली. तुम्ही बेंथॅमचं नाव घेतलंत ती दुसरी. बैठक दीड तास का अडली असेल याचा मला इथूनच अंदाज येतोय.

मुठाकाठची

हे फार उपयोगी आहे. आम्ही दोन वेगळ्या प्रश्नांवर भांडत होतो हे आत्ता कळतंय. पण दोन्ही तुलना करता येत नसतील तर?

शून्यबिंदू

अर्थशास्त्रज्ञ लायोनेल रॉबिन्सने १९३२ मध्ये हेच म्हटलं. अशा तुलनांना शास्त्रीय आधार नाही, त्या आपल्या मूल्यांतून येतात. त्याआधी पिगूसारखे अर्थशास्त्रज्ञ म्हणत होते की श्रीमंताचा एक पौंड गरिबाला दिला तर एकूण सुख वाढतं, कारण गरिबाला त्या पौंडाची किंमत जास्त. रॉबिन्सनंतर कित्येक अर्थशास्त्रज्ञांनी असं बोलणंच सोडलं. कुणाचंही नुकसान न होता कुणाचं तरी भलं होत असेल, तेवढ्यावरच बोलायचं. तुमच्या निधीला त्याचा काही उपयोग नाही, कारण इथे एकाला दिलं की दुसऱ्याचं जातंच.

भिडेवाडा

रॉबिन्सचं नाव निघालंच आहे तर त्याची १९३८ सालची टिपणीही इथे यायला हवी. पुण्यात बसून ही चर्चा करताना तर नक्कीच. त्याच्या मनातली शंका एका गोष्टीने पक्की झाली, असं तो सांगतो. कायदेपंडित हेन्री मेनची म्हणून सांगितली जाणारी ती गोष्ट आपल्याच देशातली आहे. एक सरकारी अधिकारी एका उच्चवर्णीय ब्राह्मणाला बेंथॅमचा विचार समजावत होता, प्रत्येकाचं सुख सारखंच मोजायचं म्हणून. त्यावर तो ब्राह्मण म्हणाला, हे बरोबर असूच शकत नाही, त्या तिथल्या अस्पृश्यापेक्षा मी दसपट सुखी होऊ शकतो.

रॉबिन्सला त्या ब्राह्मणाबद्दल सहानुभूती नव्हती, ते त्याने स्पष्ट लिहिलंय. पण तो म्हणतो, मी सगळ्यांना सारखं मानतो आणि हा दसपट मानतो, यातलं खरं कोणतं ते कुठल्याही प्रयोगाने सिद्ध करता येणार नाही.

मला विचाराल तर या गोष्टीतून उलटाच धडा मिळतो. मापन होत नाही म्हणून गप्प बसायचं ठरवलं, तर आधीपासून जे माप चालत आलंय तेच पुढे चालू राहतं. आणि आपल्याकडे ते माप दसपटीचंच होतं. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा त्यांनी कुणाची तहान किती खोल आहे ते मोजलं नव्हतं. तहान ही तहान, हे गृहीत धरलं. प्रत्येकाचं सुख सारखंच धरायचं हा शोध नाही, निर्णय आहे, आणि तो घ्यावाच लागतो.

तीन फुलस्केप आणि चार ओळी. लिहिता येणं, आपलं दुःख कुणीतरी ऐकेल असा भरवसा असणं, हेसुद्धा वारशाने मिळतं. तुमचे डोळे भरून आले ते अक्षरज्ञानामुळे, कानांमुळे नव्हे. रागाने लिहीत नाहीये, पण हे रविवारी बोलून दाखवा.

कसब्यातला

गुरुजींनी मन मोकळं केलं त्यात त्यांचा काय दोष?

भिडेवाडा

काहीच नाही. दोष आपल्या कानांचा, मोठ्याने बोललेलंच त्यांना ऐकू येतं.

रात्रपाळी

मी २० वर्षांहून जास्त काळ परिचारिका आहे. तुमचा प्रश्न आमच्या वॉर्डात रोज असतो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

शस्त्रक्रियेनंतर आम्ही पेशंटला विचारतो, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय? लहान मुलांसाठी सहा चेहऱ्यांचं चित्र असतं, हसऱ्यापासून रडव्यापर्यंत, त्यावर ती बोट ठेवतात. एकाच दिवशी शेजारशेजारच्या खाटांवर मी हे पाहिलंय. एक तरुण, पित्ताशय काढलेला, मोबाइल बघत बघत "नऊ" म्हणाला. शेजारी मुळशीकडच्या एक आजी, खुब्याचं हाड मोडलेलं. "आजी, किती दुखतंय?" "बरंय की गं, तू बस जरा." आकडा काही सांगेनात. खूप विचारल्यावर म्हणाल्या, "लिही तुला वाटंल ते."

मग आम्ही काय करतो? एक, तो आकडा एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर कधी नेत नाही. सकाळी आठ होता, इंजेक्शननंतर पाच झाला, म्हणजे औषध लागू पडलं. त्या माणसापुरता तो आकडा खरा. दोन, कुणाकडे आधी धावायचं हे ठरवताना "किती दुखतंय" यावर न थांबता "काय करता येत नाही" ते बघतो. खोल श्वास घेता येतो का? खोकता येतं का? कुशीवर वळता येतं का? आजींना कुशीवर वळवायला गेले तेव्हा त्यांनी माझं मनगट असं धरलं की वळ उठले. तोंडाने तेव्हाही "बरंय".

तेव्हा ताई, अर्ज बाजूला ठेवा आणि जाऊन विचारा. मावशींना "त्रास किती" असं विचारूच नका. सकाळी किती वाजता उठता, संडासला कसं बसता, इमारतीचे किती मजले करता, कुठला मजला सोडून दिला, ढकलगाडी कोण ओढतं, रात्री कुशी बदलताना जाग येते का, हे विचारा. गुरुजींनाही तसंच. दाराची बेल ऐकू येते का, रस्ता ओलांडताना मागून येणारी गाडी कळते का, शेवटचा फोन स्वतः कधी घेतला.

आणि पैशांचंही बघा. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी आणखी १० टक्के खाटा राखून ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना आहे ती. निर्धनांना मोफत, दुर्बल घटकांना सवलतीत. शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात आधी चौकशी करा. कदाचित ६०,००० चा प्रश्न तुम्ही समजता तेवढा घट्ट नसेल.

नारायणपेठी

रात्रपाळी, +१. आकडा खाटेवरून खाटेवर न्यायचा नाही, हे फार आवडलं.

शून्यबिंदू

याला भक्कम आधार आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ मध्ये कोलकात्याजवळ सिंगूरला एक आरोग्य पाहणी झाली. अमर्त्य सेन तिचा दाखला देतात. विधुर पुरुषांपैकी ४८.५ टक्क्यांनी आपण आजारी आहोत किंवा तब्येत यथातथा आहे असं सांगितलं. विधवा बायकांत हे प्रमाण होतं फक्त २.५ टक्के. त्या काळातल्या बंगाली विधवेचं जेवणखाण आणि जगणं बघता त्या पुरुषांपेक्षा धडधाकट असतील, यावर कोण विश्वास ठेवेल? तक्रार करायची आपली जागाच नाही, असं आयुष्यभर शिकलेल्या माणसाला विचारलेला सुखाचा प्रश्न फसवं उत्तर देतो. म्हणून सेन म्हणतात, माणसाला काय करता येतं आणि कसं जगता येतं ते बघा. तुम्ही वॉर्डात नेमकं तेच करताय.

चाकांवर

इथे मला थांबवावंसं वाटतंय. मी ११ वर्षं व्हीलचेअरवर आहे. पुण्यातच राहतो, नोकरी करतो, आणि बऱ्यापैकी आनंदात असतो. हे लोकांना सांगितलं की त्यांच्या चेहऱ्यावर एक भाव येतो. "बिचारा, सवय झाली याला." म्हणजे मी सुखी आहे असं म्हटलं तर ते खरं नाही, ती सवय. आणि दुःखी आहे म्हटलं तर लगेच खरं!

मावशी "चालते आहे" म्हणाल्या ते तुम्ही बाजूला ठेवलंत. आजींचं "बरंय" बाजूला ठेवलंत. उद्या माझंही ठेवाल. उपचारांची किंमत ठरवताना ब्रिटनसारख्या देशात जगण्याच्या वर्षाला गुण देतात. चालता येतं का, स्वतःचं आवरता येतं का, नेहमीची कामं, वेदना, चिंता, असे पाच मुद्दे असतात. प्रत्येक अवस्थेला किती गुण द्यायचे हे बहुतेक ठिकाणी सर्वसाधारण लोकांना विचारून ठरवतात. ज्यांनी ती अवस्था कधी भोगलेली नाही ते आपल्या भीतीने गुण देतात, आणि जे तशा अवस्थेत जगतायत ते स्वतःला पुष्कळदा त्याहून जास्त देतात. मग कुणाचा आकडा खरा? माझ्या एका वर्षाला कमी गुण म्हणजे मला वाचवण्यावर कमी खर्च. माझ्यासाठी हा वाचनालयातला वाद नाही.

जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे म्हणतात. तुम्ही सगळे न जाताच सांगताय.

रात्रपाळी

दादा, तुमचं म्हणणं लागलं मनाला. आजींचं "बरंय" मी खोटं मानलं नाही. वळवताना त्यांच्या हातांनी वेगळं सांगितलं म्हणून मी ऐकलं. दोन्ही त्यांचंच बोलणं.

शून्यबिंदू

चाकांवर, तुमचा आक्षेप मला या सगळ्यात सगळ्यात अवघड वाटतो. अर्थशास्त्रज्ञ हार्सानीने १९५० च्या दशकात एक वाट सुचवली होती. अशी कल्पना करा की समाजातलं कुणीही होण्याची शक्यता तुम्हाला सारखीच आहे. पण नुसती त्याची परिस्थिती घ्यायची नाही, त्याच्या आवडीनिवडी, त्याचा स्वभाव हेही घ्यायचं. म्हणजे तुमच्या खुर्चीत मी बसायचं नाही, खुर्चीत बसलेले तुम्ही व्हायचं. तसं केलं तर तुमचा आनंद मला खोटा ठरवता येणार नाही.

चाकांवर

मग मावशी झालात तर त्यांचं "चालते आहे" हेही खोटं ठरवता येणार नाही. सिंगूरच्या विधवाही मग निरोगी ठरल्या. दोन्हीकडे एकच न्याय लावा.

शून्यबिंदू

खरं आहे. हार्सानीकडे याचं उत्तर मला सापडत नाही. दोन दिवस विचार करून लिहितो.

इंदापूरची

तत्त्वज्ञान मी शिकलेली नाही, पण हा प्रश्न आम्ही कालव्यावर बघतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांचं पाणी पुणे पितं, आणि तेच उजव्या कालव्याने हवेली, दौंड, इंदापूरला शेतीला येतं. दर उन्हाळ्यात कालवा सल्लागार समितीची बैठक होते. शहरात एक दिवस पाणी आलं नाही तर पेपरात पहिल्या पानावर बातमी. आमचं आवर्तन पंधरा दिवस लांबलं, उभं पीक करपलं, तर आतल्या पानावर.

प्यायच्या पाण्याचा मान पहिला, यात दुमत नाही. तुमच्या तान्ह्या बाळाच्या पाण्याशी मी माझ्या उसाची तुलना करणार नाही. पण गाडी धुण्याच्या पाण्याशी माझ्या जनावरांच्या चाऱ्याची करणार, आणि त्यासाठी मला कुणाच्या मनात शिरायची गरज नाही. "शहर आणि गाव यांच्या गरजांची तुलनाच होऊ शकत नाही" असं एक मोठे अधिकारी एकदा भाषणात म्हणाले. त्या वेळी नळ कुठला चालू होता? तुमचा. तुलना होत नाही म्हटलं की ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहतं.

भिडेवाडा

इंदापूरची ताई, माझं म्हणणं तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत.

शून्यबिंदू

ताईंचं म्हणणं सेन यांनी १९७० मध्ये रोमच्या उदाहरणाने मांडलंय. रोम जळत असताना सम्राट नीरोला जे सुख झालं आणि रोमवासीयांचं जे नुकसान झालं, त्यात जास्त काय, हे सांगायला प्रत्येक रोमवासीयाचं दुःख दशांशापर्यंत मोजावं लागत नाही. मापात बरीच ढिलाई ठेवली, नीरोला झुकतं माप दिलं, तरी उत्तर बदलत नाही. काही तुलना अशा पक्क्या असतात, काही खरंच अनिर्णित राहतात. बाळाचं पाणी आणि ऊस पक्की, गाडी आणि चारा पक्की. कान आणि गुडघा कदाचित मधली.

आपल्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली गरिबीचा अभ्यास केला तोही याच वाटेने. कोण किती दुःखी आहे यात ते शिरले नाहीत. दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील एवढं अन्न ज्या खर्चाच्या पातळीवर घेता येतं, तिच्या खाली कोण आहे ते बघितलं. १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात महिना माणशी १५ रुपये, शहरात साडेबावीस. त्या रेषेवर टीका खूप झाली, होण्यासारखीही होती. पण तेवढ्या ओबडधोबड मापानेसुद्धा देशाला विचारता आलं की हे लोक उपाशी का.

आणि चाकांवर, दोन दिवसांनी माझं उत्तर असं. तुमचं "मी आनंदात आहे" आणि मावशींचं "चालते आहे" यांत फरक मी ठरवायचा नाही. पण एक प्रश्न दोघांना विचारता येतो: अडथळा उद्या दूर झाला तर काय कराल? तुम्ही बहुधा म्हणाल, रॅम्प बांधा, बसचं पायदान खाली आणा, मला बरं करण्याच्या मागे लागू नका. मावशी काय म्हणतील ते मला माहीत नाही, आणि त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या वतीने बोलायचा मला अधिकारही नाही.

चाकांवर

हे मान्य. पूर्ण समाधान नाही, पण मान्य. एक भर घालतो. प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात पैसे असतील तर उत्तर वाकतं. त्याला काय ऐकायचंय ते समोरचा बघतो. म्हणून विचारायला समितीतले खजिनदार पाठवू नका.

मुठाकाठची

कालची बैठक झाली. सगळ्यांचे मनापासून आभार, इथली अर्धी चर्चा मी तिथे वाचून दाखवली.

आधी दोघांकडे जाऊन आलो. चाकांवर यांचं ऐकून मावशींकडे त्यांच्याच वस्तीतल्या, त्यांच्यासोबत काम करणाऱ्या एका बाईंना घेऊन गेले आणि मी बहुतेक वेळ गप्प बसले. मावशी आधी "चालतंय" म्हणाल्याच. मग ती बाई म्हणाली, "अगं, वरच्या दोन मजल्यांचं सांग की." तेव्हा कळलं, त्या इमारतींचे वरचे दोन मजले गेल्या पावसाळ्यापासून त्यांची मुलगी करते, शाळेला जायच्या आधी. पहाटे साडेपाचला. गुडघे बरे झाले तर काय कराल, असं विचारल्यावर क्षणभरही न थांबता म्हणाल्या, "पोरीला झोपू दीन."

गुरुजींना बेल ऐकू येत नाही, मागून येणारी गाडी कळत नाही. एकदा लक्ष्मी रोडवर थोडक्यात वाचले. हे तीन फुलस्केपात नव्हतं. एकटेपणाबद्दल लिहिताना जिवावरचं लिहायचं राहून गेलं.

निर्णय: मावशींची कागदपत्रं गोळा करून एका धर्मादाय रुग्णालयात दिली आहेत, दुर्बल घटकांत बसतील असं तिथल्या समाजसेविका म्हणाल्या. उरणारा खर्च आणि उपचारांच्या काळात बुडणारी मजुरी निधीतून. त्यातून जे वाचेल त्यात गुरुजींच्या एका कानाचं यंत्र, रस्त्याच्या बाजूच्या. दुसऱ्यासाठी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारतोय. खजिनदारांचं म्हणणं पडलं की गुरुजींना आधी द्यायला हवं होतं, जिवाचा धोका तिथे जास्त. त्यांचं मत मी इतिवृत्तात नोंदवून घेतलंय, कारण ते चूक आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. मला मुलीची झोप जड वाटली. एका कानाने गुरुजींचा धोका कितपत टळेल, हेही अजून मनात आहे.

पुढच्या वर्षीपासून अर्जात "आपली अडचण थोडक्यात लिहा" ही ओळ काढली. त्याऐवजी रात्रपाळी ताईंच्या धर्तीवर चौदा प्रश्न आहेत, आणि ते घरी जाऊन विचारायचे.

इंदापूरची

ते चौदा प्रश्न इथे टाकाल का? आमच्या बचत गटाला कर्जाचे अर्ज बघताना लागतील.

मुठाकाठची

टाकते. रात्रपाळी ताईंनी त्यातले दोन दुरुस्त करायला सांगितलेत, ते झाले की लगेच.

रात्रपाळी

नववा आणि बारावा. नववा फार लांब झालाय, तिथवर येईतो माणूस कंटाळतो.